शिकवणीवर भागत नाही, ते का?

ईस्टरच्या आसपास या सदराकडे येणाऱ्या पत्रांत येशूच्या पुनरुत्थानाविषयीचे, म्हणजे तो मेलेल्यांतून उठला या विश्वासाविषयीचे, प्रश्न हमखास असतात. यंदा त्यांतली तीन पत्रे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, परंतु पुढच्या दोन्ही प्रश्नांची मुळे त्याच पत्रात असल्यामुळे ते आखडते घेणे योग्य वाटले नाही.

प्रश्न: मी ख्रिस्ती नाही. डोंगरावरील प्रवचन मात्र अनेकदा वाचले आहे, आणि ‘शत्रूंवर प्रीती करा’ हे वचन मला फार मोठे वाटते. येशूला मी संत मानतो. मेलेला माणूस उठला, हे काही बुद्धीला पटत नाही. आमच्याकडे तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनाची कथा आहे. मानणारे ती मानतात, न मानणारे नुसती गाथा वाचतात, आणि त्यामुळे गाथेचे मोल तसूभरही कमी होत नाही. मग ख्रिस्ती माणसाने पुनरुत्थान बाजूला ठेवून शिकवणीवर भागवले तर काय बिघडेल? शिवाय आत्मा अमर आहे असे आपण मानतोच, तर देहाचा एवढा आग्रह कशासाठी? (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर: तुकोबांचा दाखला आपण नेमका दिला आहे, आणि दोन गोष्टींमधला फरकही त्याच दाखल्याने उघड होतो. तुकोबांच्या शेवटाची कथा मानली काय किंवा न मानली काय, त्यांच्या आयुष्याच्या अर्थाविषयी कोणाला शंका उरत नाही. ज्या इंद्रायणीच्या काठी ते जगले तिथेच, त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या माणसांच्या साक्षीने, भरल्या आयुष्यावर चढवलेला तो कळस आहे. ज्ञानदेवांनी 1296 मध्ये आळंदीला घेतलेली समाधीही तशीच, कार्य पुरे झाल्यावर स्वतःहून घेतलेली. कळस नसला तरी देऊळ उभे राहते. येशूचे आयुष्य भरले म्हणून संपलेले नाही. ते सरकारी हुकमाने, नगराबाहेर, दोन अपराध्यांच्या मध्ये संपवले गेले. त्यामुळे इथे पुनरुत्थान कळसाच्या जागी नाही, पायात आहे, आणि पायाचा दगड काढल्यावर वर काय उभे राहते ते पाहायला हवे.

वधस्तंभाचा मूळ अर्थ थोडा विस्ताराने सांगतो, कारण गळ्यातल्या सोन्याच्या क्रुसामुळे तो आपल्याला दिसेनासा झाला आहे. तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीत, सन 30 च्या सुमारास, यहूदीयाचा सुभेदार पंतय पिलात याने येशूला ही शिक्षा दिली. रोमी राज्यात ती प्रामुख्याने गुलामांच्या आणि बंडखोरांच्या वाट्याला येई. यहूद्यांच्या दृष्टीने तिला आणखी एक पदर होता: मोशेच्या पाच ग्रंथांपैकी ‘अनुवाद’ या ग्रंथात, झाडाला टांगलेला मनुष्य देवाच्या शापाखाली असतो असे म्हटलेले आहे. म्हणजे देवाचे राज्य जवळ आले आहे अशी घोषणा करीत गालीलभर फिरलेल्या माणसाला खुद्द देवाने ‘नाही’ असे उत्तर दिले, हाच निष्कर्ष त्या शुक्रवारी संध्याकाळी कोणत्याही धर्मशील यहूद्याने काढला असता. शिष्यांनीही तोच काढला. अम्माऊस गावाकडे निघालेल्या दोन शिष्यांच्या तोंडी लूकने, म्हणजे येशूचा वृत्तान्त सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एकाच्या लेखकाने, जे वाक्य घातले आहे त्यातला काळ लक्षात घेण्याजोगा आहे: इस्राएलाची मुक्तता करणारा तो हाच अशी आमची आशा ‘होती’. शिकवण त्यांना तोंडपाठ होती, आणि तरीही ते घरी परत निघाले होते.

आपल्याला प्रिय असलेले प्रवचन याच माणसाचे आहे. त्यात नुसती नीतिवचने नाहीत. ‘असे सांगितले होते हे तुम्ही ऐकले आहे, मी तर तुम्हांला सांगतो’ अशा भाषेत तो मोशेच्या नियमशास्त्रावर बोलतो, आणि प्रवचनाच्या अखेरीस तर अंतिम न्यायाच्या दिवशी पुष्कळ जण मला ‘प्रभूजी, प्रभूजी’ म्हणतील, असे सांगून स्वतःला न्यायासनावर बसवतो. हे बोलणारा शापित ठरून मेला आणि मेलेलाच राहिला असेल, तर वचने सुंदर उरतील, पण ज्या अधिकाराने ती उच्चारली तो अधिकार उरणार नाही. शत्रूंवर प्रीती करा म्हणणाऱ्याला शत्रूंनी ठार केले आणि हकीकत तिथेच संपली, असे असेल, तर जगाचा खरा कायदा पिलाताला कळला होता, येशूला नव्हे, असेच प्रामाणिकपणे म्हणावे लागेल.

इतिहासाच्या बाजूनेही हेच दिसते. त्या काळात मशीहा किंवा मुक्तिदाता म्हणून पुढे आलेला येशू हा एकटाच नव्हता. ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलातल्या ग्रंथात थुदास आणि गालीलकर यहूदा या दोघांची नावे येतात. ते मारले गेले आणि त्यांचे अनुयायी पांगले. पुढे सन 132 ते 135 या काळात बार कोखबाने रोमी सत्तेविरुद्ध बंड केले, आणि रब्बी अकिबासारख्या थोर पंडिताने त्याला मशीहा मानले. तो पडल्यानंतर मात्र तो मशीहा आहे असे कोणी म्हणत राहिले नाही. पुढारी मेला की माणसे घरी जात किंवा दुसरा पुढारी शोधत. येशूच्या शिष्यांनी यांपैकी काहीच केले नाही, आणि आपल्याला ते प्रवचन आज वाचायला मिळते ते त्यामुळेच. चारही शुभवर्तमाने ख्रिस्त उठला आहे अशा खात्रीने लिहिली गेली आहेत. त्यांच्याही आधीच्या, पौल या प्रेषिताने मंडळ्यांना (म्हणजे ख्रिस्ती समुदायांना) लिहिलेल्या पत्रांत येशूची वचने अगदी थोडी आणि त्याचे मरण व पुनरुत्थान पानोपानी आहे. आधी शिकवणीचा पंथ होता आणि मागाहून कोणी त्याला चमत्काराची जोड दिली, हे चित्र या कागदांवरून काढता येत नाही.

पुनरुत्थान हा शब्दही नीट घ्यायला हवा. येशूने लाजराला कबरेतून बाहेर बोलावले ते पुनरुज्जीवन होते: लाजर आपल्या पूर्वीच्याच आयुष्यात परतला, आणि कालांतराने त्यालाही मरण चुकलेले नाही. ख्रिस्ताविषयी नवा करार, म्हणजे बायबलचा उत्तरार्ध, पुष्कळदा ‘तो उठवला गेला’ असा कर्मणी प्रयोग करतो. करणारा देव आहे. खालच्या न्यायालयाने दिलेला निकाल वरच्या न्यायालयाने फिरवावा, तसे हे आहे. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, पेन्टेकॉस्ट या यहूदी सणाच्या दिवशी, यरुशलेमेत पेत्र या शिष्याने केलेल्या भाषणाचा सगळा भर यावरच आहे: ज्याला तुम्ही वधस्तंभावर खिळले त्याला देवाने प्रभू आणि ख्रिस्त करून ठेवले आहे. हा निकाल फिरला म्हणूनच त्या मरणाकडे ‘आमच्यासाठी पत्करलेले मरण’ म्हणून पाहता आले. तो फिरला नसता तर ते इतिहासातल्या असंख्य अन्यायांपैकी एक ठरले असते. ‘ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ, तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात’ असे पौल जे म्हणतो, ते या अर्थाने.

आता देहाविषयी. हे वाक्य ज्या पत्रात आहे ते करिंथकरांस पहिले पत्र, सन 54 च्या सुमारास इफिसहून लिहिलेले. गंमत अशी, की करिंथच्या मंडळीतल्या काहींचा आक्षेप जवळजवळ आपल्यासारखाच होता. मेलेल्यांचे पुनरुत्थान असे काही नाही, असे ते म्हणत. ग्रीक विचारात वाढलेल्या अनेकांना देह म्हणजे आत्म्याचा बंदिखाना वाटे, आणि एकदा सुटलेल्या कैद्याला पुन्हा कोठडीत घालण्याची भाषा त्यांना अडाणीपणाची वाटणे स्वाभाविक होते. अथेन्सला अरियपग नावाच्या टेकडीवर पौलाचे बोलणे लोक शांतपणे ऐकत होते. मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा शब्द निघताच काही जण थट्टा करू लागले. आपली शंका, म्हणजे, विज्ञानयुगाच्या पुष्कळ आधीची आहे.

जुनी वस्त्रे टाकून माणूस नवी घेतो तसा आत्मा देह बदलतो, हा गीतेतला दृष्टांत महाराष्ट्रात घराघरांत ठाऊक आहे, आणि मृत्यूच्या दारात त्याने अनेकांना धीर दिला आहे. ख्रिस्ती विश्वासाची आशा त्याहून वेगळी आहे, एवढेच इथे म्हणायचे आहे. कोणती थोर, हा या सदराचा विषय नाही. त्या दृष्टांतात देह हे वस्त्र आहे. बायबलच्या दृष्टीने देह हा मी आहे: ज्या हातांनी मी भाकर मोडली, ज्या पाठीने मी ओझी वाहिली, ते हात आणि ती पाठ वगळून उरणाऱ्या ‘मी’ला देवाने वाचवले, तर त्याने मला अर्धेच वाचवले. म्हणून उठलेला ख्रिस्त लूकच्या वृत्तान्तात भाजलेला मासा खातो, आणि योहानाच्या वृत्तान्तात थोमा या शंका घेणाऱ्या शिष्याला आपल्या हातांवरचे व्रण पाहायला सांगतो. ते व्रण पुसले गेलेले नाहीत. जे सोसले ते नाहीसे न होता नव्या जीवनात घेतले गेले, यापेक्षा मोठा दिलासा दुःख भोगलेल्या माणसाला कोणता असेल, मला ठाऊक नाही.

तरीही हा देह जसाच्या तसा परत मिळणार, असे पौल म्हणत नाही. मेलेले कोणत्या शरीराने येणार, असे विचारणाऱ्याला तो ‘हे मूढा’ म्हणून दटावतो आणि शेताकडे बोट दाखवतो: पेरता तो नुसता दाणा असतो, उगवते ते पीक वेगळ्याच रूपाचे असते, आणि तरी ते त्याच दाण्याचे असते. ख्रिस्ताला तो ‘महानिद्रा घेणाऱ्यांतले प्रथमफळ’ म्हणतो. यहूदी लोक हंगामाची पहिली पेंढी मंदिरात आणून देवापुढे ओवाळीत. कोकणात नवान्न पौर्णिमेला भाताची नवी लोंबी दाराला बांधतात, त्यांना याचा अर्थ सांगायला नको: पहिली लोंबी घरात आली, म्हणजे शेतात तेच पीक उभे आहे. म्हणून ख्रिस्ताचे पुनरुत्थान त्याच्यापुरते नाही. (ईस्टरच्या प्रवचनांत युरोपातल्या वसंत ऋतूचे, बर्फ वितळून फुलणाऱ्या बागांचे वर्णन करण्याची आपल्याकडे एक जुनी सवय आहे. मराठवाड्यात ईस्टर येतो तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात. आणि तसेही, दरवर्षी आपसूक फिरणाऱ्या ऋतुचक्राशी या घटनेचे नाते फारसे नाही. ती एकदाच घडली, आणि आपोआप घडली नाही.)

हे सिद्ध करून दाखवता येईल का, असे आपण पुढे विचाराल. प्रयोगशाळेत नाही, आणि न्यायालयात पुरावे मांडावेत तसा युक्तिवाद करणारी पुस्तके मला मनापासून कधी आवडली नाहीत. इतिहास एका ठिकाणापर्यंत नेतो. करिंथकरांच्या त्याच पत्रात पंधराव्या अध्यायाच्या सुरुवातीला पौल, उठलेला ख्रिस्त ज्यांना दिसला त्यांची एक यादी देतो: केफा (म्हणजे पेत्र), मग बारा जण, मग एकाच वेळी 500 हून अधिक बंधू, ज्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, मग याकोब, मग सर्व प्रेषित, आणि शेवटी तो स्वतः. ही परंपरा आपल्याला मिळालेली आहे, असे तो सांगतो. ख्रिस्ताकडे वळल्यानंतर तीन वर्षांनी यरुशलेमेस जाऊन तो केफाजवळ 15 दिवस राहिला होता, हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रावरून कळते. म्हणजे ही साक्ष घटनेच्या अगदी जवळची आहे. साक्ष देणारे प्रामाणिक होते, इथपर्यंत इतिहासाने येता येते. ते सांगतात ते देवानेच केले, हे म्हणायला विश्वास लागतो. ही पायरी चुकवून वर जाण्याचा मार्ग नाही, आणि आपल्याला ती चढावीशी वाटत नसेल तर प्रवचनाची गोडी सोडून द्यावी असेही मी सांगणार नाही.

राहता राहिला व्यवहार. उद्या मरायचेच असेल तर खाऊ या, पिऊ या, ही वृत्ती पौलाला ठाऊक आहे. मेलेले उठत नसतील तर तीच रास्त, असे तो सरळ सांगतो. उलट, देहाला आणि या सृष्टीला भवितव्य असेल तर इथे केलेले काम फुकट जात नाही. म्हणून पुनरुत्थानावरचा हा दीर्घ अध्याय स्वर्गाच्या वर्णनाने संपत नाही, तर ‘तुमचे श्रम व्यर्थ नाहीत’ या शब्दांनी संपतो. मूळ पत्रात अध्यायांची विभागणी नव्हती, ती मध्ययुगात झाली. तेव्हा पुढचे वाक्य याला लागूनच वाचायला हवे. ते वाक्य वर्गणीविषयी आहे. यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने, दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी, काही बाजूला काढून ठेवावे. आठवड्याचा पहिला दिवस म्हणजे रविवार, कबर रिकामी सापडली तो वार.

प्रश्न: चार शुभवर्तमानांत पुनरुत्थानाचे वृत्तान्त एकमेकांशी जुळत नाहीत. कुठे एक देवदूत, कुठे दोन; कुठे तीन स्त्रिया, कुठे एकटी मरीया मग्दालिया. मग विश्वास कशावर ठेवायचा? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, अहिल्यानगर)

उत्तर: तफावत आहे, आणि ती ओढूनताणून मिटवण्याचा उद्योग करू नये. मार्कच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापाशीच थांबते: स्त्रिया कबरेपासून पळाल्या आणि भीतीमुळे कोणाला काही बोलल्या नाहीत. मत्तय भेट गालीलात घडवतो, लूक सगळे यरुशलेमेच्या परिसरातच ठेवतो. पढवलेले साक्षीदार असे बोलत नाहीत, हे आपल्या गावच्या पंचायतीत बसलेला कोणीही सांगेल.

चारही वृत्तान्त ज्या गोष्टीवर एकमत आहेत तीही पाहावी: कबरेजवळ प्रथम पोहोचल्या त्या स्त्रिया, आणि चौघांतही मरीया मग्दालियेचे नाव आहे. स्त्रियांच्या साक्षीला त्या समाजात फारसे वजन नव्हते. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस तर ती स्वीकारूच नये असे लिहितो. लूकच्या म्हणण्याप्रमाणे प्रेषितांनाही त्यांचे सांगणे बडबड वाटली. पौलाने दिलेल्या यादीत स्त्रियांचा उल्लेख नाही, हेही खरे, आणि त्याचे कारण बहुधा हेच असावे. कथा रचायचीच असती तर रचणाऱ्याने पहिला साक्षीदार असा निवडला नसता.

प्रश्न: माझ्या आईने मृत्यूनंतर दहन व्हावे असे लिहून ठेवले आहे. आमच्या घराण्यात आजवर सगळ्यांचे दफन झाले. देहाचे पुनरुत्थान मानणाऱ्या ख्रिस्ती माणसाचे दहन चालते का? नातेवाईक म्हणतात, राख झाल्यावर उठणार काय? (मुंबई)

उत्तर: नातेवाइकांचा प्रश्न सन 177 मध्ये फ्रान्समधल्या लियों शहरी रोमी अधिकाऱ्यांच्या बाजूने विचारला गेला होता. तिथल्या ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेते त्यांनी सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटून दिली. उद्देश हा, की यांना पुनरुत्थानाची आशा उरू नये. मंडळीने त्या हुतात्म्यांविषयीची आशा सोडली नाही. समुद्रात बुडालेले, आगीत सापडलेले, आणि जुन्या कबरींत माती होऊन गेलेले आपले पूर्वज, यांची स्थिती राखेपेक्षा फार वेगळी नाही. दाण्याला देह देतो तो देव, असे पौल म्हणतो. दाणा किती शिल्लक आहे यावर ते अवलंबून नाही.

दफनाची परंपरा मात्र अकारण पडलेली नाही. इंग्रजीत दफनभूमीला जो ‘सिमेटरी’ शब्द आहे तो मूळ ग्रीक, आणि त्याचा अर्थ झोपण्याची जागा असा आहे. मराठी बायबलातला ‘महानिद्रा’ हा शब्द त्याचाच सोबती. ख्रिस्ताला पुरले तसे आपल्या माणसाला पुरावे, ही भावनाही त्यामागे आहे. म्हणून कॅथलिक चर्च आजही दफनालाच पसंती देते, परंतु पुनरुत्थान नाकारण्याच्या हेतूने केले जात नसेल तर दहनाला त्याने 1963 पासून हरकत घेतलेली नाही; राख विखरून टाकू नये, ती पवित्र केलेल्या जागी ठेवावी, असे मात्र 2016 च्या सूचनेत सांगितले आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सर्वांना लागू होईल असा एक नियम नाही, आणि मुंबईत दफनभूमीच्या जागेची अडचण सर्वांनाच ठाऊक आहे. आपल्या पाळकसाहेबांशी आजच बोलून घ्यावे, आणि घराण्याच्या कबरीत राख ठेवता येईल का, हेही विचारून ठेवावे. नातेवाइकांना एवढे दाखवता येईल, की अँग्लिकन परंपरेच्या दफनविधीत कबरीवर माती टाकताना ‘मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ’ असे म्हणतात, आणि त्याला लागूनच पुनरुत्थानाच्या खातरीच्या आशेचे शब्द येतात. आईसाठी त्यांतला एकही शब्द बदलावा लागणार नाही.